पाच सेंतावो, जांभळा

गायखे काका सांगायचे, चेहरा कोरताना
आधी डोळ्याला हात घालायचा नाही.
आधी कॉलर. कॉलर चुकली तर माणूस सावरतो,
डोळा चुकला तर अख्खं पोलाद फेकावं लागतं.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
त्यांनी थोरांची तोंडं उलटी कोरली,
डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे,
आणि रोज संध्याकाळी फाटकावर हात वर करून झडती दिली.
कागदाचा कपटासुद्धा बाहेर न्यायचा नाही.
म्हणून नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये
त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं.
चहाच्या डब्यात परमुलखातली तिकिटं,
त्यात हा: जनरल सेलेदोनिओ उर्तादो,
पाच सेंतावो, जांभळा,
गळ्यावरून टपालाचा शिक्का गेलेला.

मी तेव्हा नववीत. मला वाचनालयात धाडलं,
"बघ गं, कोण होता हा बाबा."
इंग्रजी ज्ञानकोशाच्या वाळवी लागलेल्या खंडात चार ओळी निघाल्या.
खेचरं हाकणाऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी तोफखान्यात.
दोन लढाया जिंकला, एक हरला.
तीनदा युद्धमंत्री. मग परागंदा.
मृत्यूपुढे सालाच्या जागी प्रश्नचिन्ह.

काका हसले. "चार? माझ्याकडे चारशे आहेत."
भिंग माझ्या हातात दिलं.
"ह्या कपाळावरच्या आडव्या बघ. ह्या बर्फाच्या.
तोफा सुट्या करून डोंगर ओलांडलाय ह्यानं,
चाकं वेगळी, नळ्या वेगळ्या, खेचरांच्या पाठीवर.
बापाचा धंदा कामी आला.
डोळ्याखाली ही एक जास्तीची.
ही नंतरची, परमुलखातल्या खानावळीच्या उधारीची.
आता ओठ. इथं रेघा किती दाटल्यात!
तीनदा मंत्री म्हणजे किमान दोनदा हाकललेला.
तोफखान्याचा पगार सात महिने थकला,
पोरं बराकीत अडून बसली,
आणि गोळ्या घालायचा कागद
आला तो ह्याच्याच टेबलावर.
सही केली असणार."

कशावरून?

"हात बघ."
हात नव्हता. उजवा हात कोटात गेलेला,
तिसऱ्या बटणाशी.
"हात कोरायला सगळ्यात अवघड," काका म्हणाले,
"म्हणून आम्ही लपवतो.
पण हा कोरणाऱ्यानं नाही लपवला. ह्यानंच लपवलाय.
कापडाची घडी बघ. आत मूठ आहे."

मला घडी दिसली.
मूठ दिसली की नाही, अजून सांगता येत नाही.

देवळालीच्या रेंजवर दुपारचा सराव सुरू झाला
की तावदानं थरथरायची, टेबलावरची तिकिटं सरकायची.
काका जनरलवर अंगठा ठेवायचे
आणि कान देऊन मोजायचे,
"ही लहान. ही पण लहान. ही मोठी."
एकदा म्हणाले,
"ह्याला वाटत असेल, पगाराचं भांडण अजून मिटलं नाही."

आता मी जेल रोडच्या बँकेत.
नोव्हेंबर आला की पेन्शनरांची रांग, हयातीचा दाखला.
काका यंत्रावर अंगठा ठेवतात. यंत्र म्हणतं, पुन्हा.
पुसून ठेवतात. पुन्हा.
दुसरं बोट. पुन्हा.
पोलाद, तेल आणि ऍसिड यांत
बोटांवरच्या रेघा प्रेसमध्येच झिजल्या,
कुठल्या झडतीत त्यांची नोंद नाही.
मागचे गृहस्थ खाकरतात.

मी जुना कागदी फॉर्म काढते. "सही करा, काका."
ते पेन कोरणीसारखं धरतात,
तळव्यात बूड दाबून, पुढे ढकलत.
नावाशी थांबतात.
"त्याच्या मरणाचं साल मिळालं का गं कुठं?"

नाही मिळालं.

"मग असू दे," म्हणतात,
आणि आडनाव पुरं करतात.